पेठेतली जागा: आधी नावं, मग नोटीस

कोकणातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या विकास आराखड्यात बाजारपेठेवर दोन-चार आरक्षणं, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागा, रंगवलेली असतात. मंडई, नगरपरिषद कार्यालय, अग्निशमन केंद्र, वाचनालय. आराखडा सुधारायची वेळ येते तेव्हा त्या रंगाखाली तेच कौलारू घर, तोच चिऱ्याचा गडगा आणि तीच तीन दुकानं उभी असतात. निधी नव्हता, असं कागदावर लिहिलेलं असतं. फाइल चाळली तर निधीचा प्रश्न येण्याच्या बऱ्याच आधी ती एखाद्या मयत सहहिस्सेदाराच्या नावापाशी अडकलेली दिसते. म्हणून अशी जागा नगरपरिषदेच्या ताब्यात आणायची कामं इथे त्याच क्रमाने लावली आहेत: आधी जागेची पारख, मग नावं, मग मोजणी, आणि त्यानंतर कायदा व पैसा. क्रम उलटा केला की वर्ष-दोन वर्षं हमखास जातात.

खासगी जागेला हात लावण्याआधी

पेठेच्या आसपास सरकारी जागा आहे का, हे सिटी सर्व्हेचा नकाशा समोर ठेवून बघा. जुनं धान्य गोदाम, पोलीस लाइन, बांधकाम खात्याचं पडीक विश्रामगृह, बंदर खात्याचा तुकडा, बंद पडलेली शाळा. अशी जागा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे १९७१ चे नियम यांखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे मागता येते. जागा दुसऱ्या खात्याच्या ताब्यात असेल तर त्या खात्याचं ना-हरकत पत्र आधी मिळवा आणि ते जोडूनच प्रस्ताव पाठवा. नाहीतर फाइल तेवढ्याच शेऱ्यासाठी परत येते.

मग गरज मोजा. 'दहा गुंठे मिळाले की झालं' हे वाक्य सभेत चालतं, अभियंत्याला चालू नये. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. मध्यम नगरपरिषदेला कार्यालय, सभागृह, अभिलेख कक्ष आणि नागरी सुविधा केंद्र मिळून १,२०० ते १,५०० चौरस मीटर बांधकाम लागतं असं धरा. तीन मजल्यांत बसवलं तर जोतं ४०० ते ५०० चौरस मीटरचं होतं. त्यात समासातलं अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), गाड्या, सेप्टिक टाकी, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि जनरेटर मिळवला की भूखंड १,००० ते १,२०० चौरस मीटरचा हवा. यातला एखादा कोपरा नंतर रस्तारुंदीत जाणार असेल तर तो आजच वजा करा.

अग्निशमन केंद्राबद्दल मत स्पष्ट आहे: ते पेठेच्या पोटात नको. चार-पाच मीटरच्या गल्लीतून बंब बाहेर काढायचा, तोही बाजाराच्या दिवशी, हा प्रकार आरक्षण टाकणाऱ्याने कधी उभं राहून पाहिलेला नसतो. असं आरक्षण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करून बाहेरच्या रुंद रस्त्यावर न्यावं. फेरबदलाला सर्वसाधारण सभेचा ठराव, राजपत्रात व वर्तमानपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि शासनाची मंजुरी लागते.

यानंतरची पारख पाण्याची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या पेठेत शिरलं. त्याच पावसात सावित्रीने महाडला बुडवलं. राजापुरात अर्जुना-कोदवलीचं आणि खेडमध्ये जगबुडीचं पाणी पेठेत येणं नवीन नाही. कोकणातल्या पेठा गलबतांच्या काळात खाडीच्या तोंडाशी आणि नदीकाठी वसल्या, त्यामुळे पेठेतली मोक्याची जागा बहुधा सखलच असते. जलसंपदा विभागाच्या निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेचा नकाशा मागवा आणि भूखंड त्यावर बसवून घ्या. निळ्या रेषेच्या आत इमारतीचा विचार सोडा. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये असाल तर एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे जोतं लाल पूररेषेच्या वर किमान ०.४५ मीटर घ्यावं लागतं. म्हणजे भराव, संरक्षक भिंत, उतरता रॅम्प, आणि शेजाऱ्याच्या अंगणात वळणाऱ्या पाण्याची तक्रार. हा खर्च जागेच्या किमतीत धरून मगच दोन जागांची तुलना करा. जन्म-मृत्यू नोंदी आणि करआकारणीचं दप्तर तळमजल्यावर ठेवायचं नाही, हे तर नकाशा काढतानाच ठरवा.

मालवण, वेंगुर्ला, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, गुहागर इथे सीआरझेडही (किनारी नियमन क्षेत्र) तपासावं लागतं. २०१९ च्या अधिसूचनेत भरतीचा परिणाम होणाऱ्या खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते अंतर धरतात. समुद्राकाठी ही पट्टी भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत असते. सीआरझेड-२ मध्ये, म्हणजे आधीच वसलेल्या शहरी भागात, जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडच्या बाजूला इमारत होऊ शकते. समुद्राकडच्या बाजूला नाही. गुगलच्या नकाशावर पट्टी लावून मोजलेलं अंतर किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाला चालत नाही. मंजूर आराखड्यावर अधिकृत संस्थेने भूखंड बसवून दिलेला नकाशाच लागतो, आणि तो जागा घेण्याआधी हातात हवा.

मातीसाठी भूखंडात तीन ठिकाणी भोकं पाडून घ्या. वर जांभा कडक लागतो म्हणून पाया तिथेच थांबवतात, आणि खाली मऊ शेडी माती असली तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडे जातात. पेठेतल्या जुन्या परसवांत बुजवलेली विहीरही हटकून असते. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला जागा ठाऊक असते.

नावं

इथे वेळ घालवा. बाकी सगळं यावर उभं राहतं.

पेठेतल्या एकाच मिळकतीचा रस्त्याकडचा भाग सिटी सर्व्हेत असतो, त्याला मिळकत पत्रिका. मागचं परसू किंवा आगर सात-बारावर असतं. दोन्हीकडची नावं जुळत नाहीत, क्षेत्रही जुळत नाही. दोन्ही उतारे, त्यांवरचे सगळे फेरफार, आणि दुय्यम निबंधकाकडचा किमान ३० वर्षांचा शोध अहवाल काढा. सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यात कूळ, बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा, कूळकायदा कलम ४३ चं बंधन (परवानगीशिवाय विक्री नाही), रस्त्याचा किंवा विहिरीच्या पाण्याचा हक्क लिहिलेला असतो. वकील घाईत असला की नेमका हाच रकाना वाचायचा राहतो. संस्थानी किंवा खोती काळातला कागद मोडीत निघाला तर मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या. अंदाजाने वाचलेला 'दक्षिणेस' शब्द पुढे कोर्टात 'उत्तरेस' निघतो.

मग वंशावळ. उताऱ्यावर 'एकत्र कुटुंब मॅनेजर' म्हणून एकच नाव असेल तर मालक एकच आहे असं समजू नका. तो गृहस्थ बहुधा हयात नसतो आणि त्याच्यामागे वीस-पंचवीस हिस्सेदार निघतात. हिशेब साधा आहे. पाच मुलांपैकी प्रत्येकाला १/५. त्यातल्या एकाला चार वारस, तर प्रत्येकी १/२०. सहाशे चौरस मीटरच्या भूखंडात हा हिस्सा ३० चौरस मीटरचा झाला, पण सही नसली तर तो उरलेले ५७० अडवतो.

सर्वांत जास्त वेळा सुटणारी नावं बहिणींची आणि आत्यांची. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. 'बहिणींनी तोंडी सोडलंय' याला किंमत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. मुस्लिम कुटुंबांत हिस्से त्यांच्या वैयक्तिक कायद्याने पडतात, तिथे मुलगा-मुलगी समान धरून तक्ता केला की तो चुकतो. जागा वक्फ किंवा देवस्थानाची आहे का हे वक्फ मंडळ आणि धर्मादाय कार्यालय या दोन्ही ठिकाणी तपासा. विश्वस्त संस्थेकडून खरेदी करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागते, आणि ती विश्वस्तांनी मागायची असते, नगरपरिषदेने नाही.

वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, मृत्यूचे दाखले आणि वारस फेरफार हे तलाठ्याकडून (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा सिटी सर्व्हे कार्यालयातून मार्गी लागतात. वारसांत वाद असला तर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र लागतं, १८२७ च्या रेग्युलेशनखाली. त्याला लागणारे महिने वेळापत्रकात आधीच धरा.

आता माणसं गाठायची. उताऱ्यावर पत्ता नसतो. हिस्सेदार मुंबई, ठाणे, विरार, बडोदा, मस्कत असे विखुरलेले. घरात राहणाऱ्या काका-काकूंकडून फोन नंबर मिळतात, ते तक्त्यात तारखेसह नोंदवा. शिबिर गणपतीत लावा. दीड दिवसाचं विसर्जन आटोपल्यावर किंवा गौरी-गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण संध्याकाळच्या गाडीचं आरक्षण असतं. हुकलंच तर शिमगा. त्या दिवशी भूमी अभिलेखचा माणूस, नोटरी आणि झेरॉक्स मशीन जाग्यावर हवं. सभा, भाषण, हार काही नको. प्रत्येक कुटुंबाला एक खुर्ची, एक तक्ता आणि पंधरा मिनिटं द्या. पहिल्या भेटीत दराचा शब्द काढू नका. दर निघाला की भाऊबंदकी निघते, आणि साधी वंशावळसुद्धा कोणी लिहून देत नाही.

परदेशातल्या हिस्सेदाराचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासासमोर झालेलं असेल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आणि मुखत्यारपत्र देणारा वारला की ते पत्र संपतं. सहीच्या दिवशी तो हयात आहे याची खात्री घ्या. व्हिडिओ कॉल पुरतो.

उताऱ्यावर कुठेच नसलेले हक्कही आहेत. ग्रामदेवतेच्या पालखीची वाट, सहाण (पालखी टेकवायचा चौथरा), होळी उभी करायची जागा, खालच्या वाडीची पाखाडी (पायऱ्यांची वाट). सात-बारा त्यांबद्दल गप्प असतो, पण काम नेमकं तिथेच थांबतं. गुरव, मानकरी आणि शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जागेवर फिरा आणि या गोष्टी स्थळपाहणीच्या नकाशावर काढून घ्या.

मोजणी

पावसाळ्यात कागद जमवा, मोजणी नोव्हेंबरनंतर लावा. जून ते सप्टेंबरात रान वाढलेलं असतं, गडगे दिसत नाहीत, आणि मोजणीदार तारीख देऊनही येऊ शकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात यावर उपाय नाही.

संयुक्त मोजणीला भूमी अभिलेख, नगरपरिषद अभियंता, नगररचना विभागाचा प्रतिनिधी आणि लगतधारकांसह सगळे हिस्सेदार यांना लेखी नोटीस हवी. एक लगतधारक राहिला तर मोजणीवर हरकत येते. मोजणीच्या दिवशीच इमारती, पाय-भिंती, विहीर, झाडं, नळ-वीज जोडण्या आणि प्रत्यक्ष राहणारे व व्यवसाय करणारे यांची यादी करून फोटो घ्या. झाडं नुसती 'माड ६, पोफळी ४०, आंबा २' अशी लिहू नका. वय, बुंध्याचा घेर आणि फळतं आहे की नाही हेही लिहा. मूल्यांकन करणारा कृषी अधिकारी तेच विचारतो, आणि तोवर दोन माड वादळात पडलेले असतात.

मोजणी नकाशाची क प्रत हातात आली की आराखड्यातल्या आरक्षणाशी जुळवा. आराखड्याचा नकाशा लहान स्केलवर काढलेला असतो आणि त्यावरची जाड रेघच दोन-तीन मीटरची असू शकते. आरक्षणाची हद्द कोणत्या सर्व्हे क्रमांकातून आणि किती क्षेत्रावरून जाते याचं नगररचना कार्यालयाचं लेखी सीमांकन घेतल्याशिवाय पुढे गेलात, तर ज्याची चार मीटर पट्टी सुटली किंवा घुसली तो माणूस उच्च न्यायालयात जातो.

कोणती वाट धरायची

आरक्षित जागेसाठी नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा दिल्या आहेत: सहमतीने पैसे देऊन, मोबदल्यात एफएसआय (जादा चटई क्षेत्र) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, किंवा शासनाकडे अर्ज करून सक्तीने संपादन.

टीडीआर कागदावर सगळ्यांत स्वस्त. दाट वस्तीच्या भागातल्या जागेला क्षेत्राच्या तिप्पट, बाहेर दुप्पट. पण तो विकत घ्यायला बिल्डर हवेत, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो वापरता येत नाही. रत्नागिरीसारख्या वाढत्या शहरात किंवा पनवेलच्या बाजूला ठीक. राजापूर, मालवण, वेंगुर्ल्याच्या मालकाला टीडीआरचं प्रमाणपत्र देणं म्हणजे त्याच्या हातात फ्रेम करायचा कागद देणं. तो विचारेल, "घेणार कोण?" आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. समावेशक आरक्षण, म्हणजे मालकाने काही भाग स्वतःसाठी बांधायचा आणि ठरलेलं बांधकाम नगरपरिषदेला फुकट द्यायचं, ही वाट मंडईसाठी बरी. त्यासाठी मालक एकच, आणि बांधकामाची ताकद असलेला लागतो.

राहिली थेट खरेदी आणि सक्तीचं संपादन. यांतली निवड नावांच्या तक्त्यावरूनच होते. हिस्सेदार चार-पाच, सगळे हयात, सगळे तयार, बोजा नाही, तर खरेदी. तक्त्यात एक जण बेपत्ता, एक अज्ञान (अल्पवयीन), दोन भांडणात असतील तर खरेदीच्या मागे लागू नका. एका सहीअभावी खरेदीखत अडतं. सक्तीच्या संपादनातला निवाडा (मोबदला ठरवणारा भूसंपादन अधिकाऱ्याचा निर्णय) अडत नाही, कारण वादातली रक्कम भूसंपादनाच्या प्राधिकरणाकडे जमा करता येते आणि जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन मिळते. 'आधी गोडीगुलाबीने बघू, नाही जमलं तर संपादन' हे धोरण ऐकायला समजूतदार वाटतं. त्यात दोन वर्षं जातात, तोवर दर चढलेला असतो.

सक्तीच्या वाटेने मोबदला २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाप्रमाणे ठरतो. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. आरक्षित जागेसाठी नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ खाली थेट घोषणा निघते, त्यामुळे सामाजिक परिणाम मूल्यांकनाची पायरी येत नाही. आरक्षण नसलेली जागा २०१३ च्या कायद्याने घ्यायची तर आधी ते मूल्यांकन (सहा महिन्यांत पूर्ण), मग कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना, ६० दिवसांत हरकती, १२ महिन्यांत कलम १९ ची घोषणा. घोषणेनंतर निवाड्याला १२ महिने. ते चुकले आणि मुदतवाढ नसली की सगळं रद्द. तातडीचं कलम ४० वापरू असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. ते देशाच्या संरक्षणासाठी आणि आपत्तीसाठी आहे, नगरपरिषदेच्या कार्यालयासाठी नाही.

प्रस्तावातला सभेचा ठराव नीट लिहा. 'जागा घेण्यास मान्यता देण्यात येत आहे' एवढ्या ओळीवर प्रस्ताव परत येतात. ठरावात आरक्षण क्रमांक, सर्व्हे व सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, प्रयोजन, अंदाजित रक्कम, ती कोणत्या लेखाशीर्षातून देणार, आणि मुख्याधिकाऱ्यांना सही करण्याचा अधिकार, इतकं हवं.

हिशेब

समजा ६०० चौरस मीटर जागा आणि भूसंपादन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे निघालेला दर चौरस मीटरला १२,००० रुपये. हा दर दोन प्रकारे काढतात: रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) दर, आणि मागच्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी. जो जास्त तो घ्यायचा. सहमतीने ठरलेली रक्कम असेल तर तीही तुलनेत येते.

जमीन: ७२ लाख. शहरी भागात गुणक १, म्हणून ७२ लाखच. चिऱ्याचं घर, विहीर, गडगा, बांधकाम खात्याच्या मूल्यांकनाने समजा ९ लाख. झाडं १ लाख. बेरीज ८२ लाख. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे १ कोटी ६४ लाख. याखेरीज जमिनीच्या बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. एक वर्ष धरलं तर ८ लाख ६४ हजार. एकूण १ कोटी ७२ लाख ६४ हजार. हे १२ टक्के कोणत्या तारखेपासून मोजायचे यावर आरक्षित जागांत वाद होतो, म्हणून भूसंपादन अधिकाऱ्याचं म्हणणं लेखी घ्या.

थेट खरेदीत राज्याच्या २०१५ च्या धोरणाप्रमाणे कायद्याने येणाऱ्या मोबदल्यावर २५ टक्के वाढ देतात. वरच्या उदाहरणात १ कोटी ६४ लाखांचे २ कोटी ५ लाख होतात. वरवर महाग, पण खटला, व्याज आणि वाढीव मोबदल्याचा संदर्भ अर्ज यांतून सुटका होते. तुमच्या प्रकरणाला कोणता शासन निर्णय लागतो आणि १२ टक्क्यांचा घटक धरला की नाही, हे जिल्हास्तरीय समितीच्या इतिवृत्तात स्पष्ट लिहून घ्या. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तिथे येतो.

निवाड्याची रक्कम मालकाला कलम ९६ प्रमाणे करमुक्त मिळते. खरेदीखताला तीच सवलत लागू होईल असं मालकाला तोंडी सांगू नका. कर सल्लागाराचं लेखी मत घ्या आणि वाटाघाटीआधी दोन्ही बाजूंसमोर ठेवा.

दराबद्दलची सगळ्यांत मोठी फसगत जुन्या खरेदीखतांची. पेठेत व्यवहार कमी होतात आणि झालेले भावाभावांत असतात, म्हणून सरासरी खाली येते. मालक मग बाजारात ऐकलेला भाव धरून बसतो. दुय्यम निबंधकाकडून सूची क्रमांक २ ची (नोंदलेल्या खरेदीखतांची) यादी आणा आणि कुठलं खत का घेतलं, का वगळलं, हे रकान्यात लिहा. मालकालाही ती यादी दाखवा. दर पटला नाही तरी हिशेब लपवलेला नाही हे त्याला कळतं, आणि पुढची बोलणी शिव्याशापांशिवाय होतात.

पैसा घोषणेआधी लागतो. संपादन करून घेणाऱ्या संस्थेने रक्कम जमा केल्याशिवाय कलम १९ ची घोषणा निघत नाही. बहुतेक योजनांतून इमारतीला अनुदान मिळतं, जागेला मिळत नाही, हे अंदाजपत्रक करताना लक्षात ठेवा. कलम ६४ खाली मोबदला वाढवून मागण्याचा मालकाचा हक्क राहतो, तेव्हा एकूण रकमेच्या वीसेक टक्के वेगळे धरून ठेवा.

आवक टेबलावरचा सुरुंग

आराखडा अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची सूचना देऊ शकतो. ती नगरपरिषदेला मिळाल्याच्या तारखेपासून २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण जातं. 'पावलं' म्हणजे काय, यावर गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं की नुसता ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र पुरत नाही; संपादनाच्या घोषणेपर्यंत जायला हवं.

प्रत्यक्षात काय होतं? सूचना साध्या पाकिटातून आवक टेबलावर येते, कारकून ती 'नगररचना, माहितीसाठी' असा शेरा मारून पुढे सरकवतो, आणि १४ महिन्यांनी मालकाच्या वकिलाचं स्मरणपत्र आल्यावर ती सापडते. उरलेल्या दहा महिन्यांत मोजणीसुद्धा होत नाही. म्हणून अशा सूचनांसाठी वेगळी नोंदवही ठेवा: आल्याची तारीख, मालकीचे कागद जोडलेत का (जोडायलाच हवेत, नसतील तर पंधरा दिवसांत लेखी कळवा), २४ महिन्यांची शेवटची तारीख, दर तीन महिन्यांनी काय झालं. ही वही मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर असू द्या. बदली होईल तेव्हा कार्यभाराच्या यादीत तिचं नाव घाला.

पैसा नसेल तर सूचना आल्यावरच प्रामाणिकपणे ठरवा की जागा सोडायची. दहा-वीस वर्षं अडवलेल्या माणसाला आणखी दोन वर्षं लटकत ठेवण्यात शहराचं भलं नाही.

गाळेवाले

मालक आणि दुकानदार वेगळे असतात, आणि पेठेत खरा विरोध दुकानदाराचा. तीस-चाळीस वर्षांचा भाडेकरू भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षित आहे आणि भूसंपादनात तो हितसंबंधी व्यक्ती ठरतो. त्याला नोटीस न देता मालकाशी खरेदी केली तर जागा भाडेकरूसकट तुमच्या गळ्यात येते. भाडेपावत्या, गुमास्ता परवाना आणि वीजबिल घेऊन त्याचा तक्ता मालकाच्या तक्त्यासोबतच करा.

'नव्या इमारतीत तळमजल्यावर गाळा देऊ' असं पत्र नगराध्यक्षांनी उत्साहात देऊन टाकू नये. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ खाली तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने स्थावर मालमत्ता द्यायला शासनाची मंजुरी लागते. मंजुरीआधी दिलेलं आश्वासन पाळता येत नाही, आणि मोडलं तर दुकानदार ताबा सोडत नाही. आधी पुनर्वसनाचा प्रस्ताव मंजूर करून घ्या. तोवर दुकानं चालू राहतील अशी तात्पुरती शेड जवळच आणि पावसाळ्याआधी उभी करा. टपऱ्या-हातगाड्यांचा प्रश्न वेगळा, तो २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली शहर विक्रेता समितीपुढे न्या.

ताबा, आणि ताब्यानंतरचे सात दिवस

ताबा पंचनाम्याने घ्या: पंच, फोटो, वीज-पाणी मीटरचं रीडिंग, किल्ल्या. मोबदला दिल्याशिवाय किंवा जमा केल्याशिवाय ताबा नाही. जुनं घर उतरवायचं काम ऑक्टोबरनंतर काढा. पेठेत शेजारच्या घराशी चिऱ्याची भिंत सामाईक असते. आपला भाग काढला की शेजाऱ्याची तुळई हवेत राहते. आधी टेकू द्या, शेजाऱ्याच्या घरातले जुने तडे फोटोत नोंदवा, मग कौलं उतरवा. झाडं तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, नगरपरिषदेलाही.

त्याच आठवड्यात फेरफाराचा अर्ज करा. मिळकत पत्रिकेवर आणि सात-बारावर नगरपरिषदेचं नाव लागेपर्यंत ताबा अर्धवटच आहे. हे एवढं साधं काम कितीतरी ठिकाणी राहून जातं. इमारत उभी राहते, वीस वर्षं जातात, उताऱ्यावर आजोबांचं नाव तसंच, नातू त्यावर वारस नोंद करून घेतो आणि एक दिवस नगरपरिषदेला भाड्याची नोटीस येते.

जागेला कुंपण घाला, फलक लावा, आणि इमारतीची निविदा लवकर काढा. २०१३ च्या कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं जागा न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा भूमी बँकेकडे परत जाऊ शकते. कुंपण चिऱ्याचं असू द्या; तारेचं एका पावसाळ्यात गंजतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथे मासळीवाल्यांच्या टोपल्या लागतात.